कोकणात जांभ्याच्या जमिनीत शोषखड्डा: माती आणि भूजल कसं तपासायचं?

पाखाडी, १२ एप्रिल

राजापूर तालुक्यात सड्याखालच्या (जांभ्या दगडाच्या पठाराखालच्या) उतारावर आमची ११ गुंठे जागा आहे. पावसाळ्यानंतर तिथे घराचं काम काढायचं आहे, नकाशा अजून कागदावरच आहे. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कंत्राटदाराने जागेच्या खालच्या पश्चिम कोपऱ्यात दाखवलाय, कारण उतार तिकडे आहे. खड्डा १० फूट खोल, चिऱ्यांचा, सांधे मोकळे ठेवून.

अडचण अशी की त्या कोपऱ्यापासून जेमतेम १४ मीटरवर, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पलीकडे, धाकट्या काकांची विहीर आहे. पिण्याचं पाणी तिचंच. मे महिन्यात पाणी ८ मीटर खाली जातं आणि ऑगस्टमध्ये कठड्यावरून वाकलं तर कळशी बुडते.

मातीची काहीतरी चाचणी असते ना, असं कंत्राटदाराला विचारलं, तर म्हणाला, "दादा, जांभा आहे हा. टँकर ओतलात तरी दिसणार नाही कुठे गेला. टेस्ट कसली करताय?" मला नेमकी त्याचीच भीती वाटतेय. कुणी अशी तपासणी स्वतः केली आहे का? कशी करायची, आणि कधी?

सडाफटिंग, १२ एप्रिल

आमच्याकडे आजोबांनी बांधलेला खड्डा आहे. आजवर एकदाही उपसलेला नाही. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका.

पाखाडी, १२ एप्रिल

@सडाफटिंग, तुमची विहीर किती लांब आहे?

सडाफटिंग, १२ एप्रिल

आमच्याकडे नळपाणी योजनेचं पाणी येतं. विहीर आहे, पण वापरात नाही.

ओळंबा, १३ एप्रिल

मी स्थापत्य अभियंता आहे, गावाकडची बरीच कामं केली आहेत. भारतीय मानक आयएस २४७० चे दोन भाग आहेत. पहिल्यात टाकी, दुसऱ्यात टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची विल्हेवाट. लोक पहिला भाग कधीतरी चाळतात, दुसऱ्याकडे कुणी फिरकत नाही. झिरप चाचणी दुसऱ्या भागात आहे आणि ती घरच्या घरी होते.

पाणी मुरवायचा चर किंवा खड्डा जिथे आणि जितका खोल घ्यायचा, तिथे तितकंच खोल एक भोक घ्या. रुंदी १० ते ३० सेंटीमीटर, बाजू उभ्या. पहारीने खणताना बाजूंची माती चोपली जाऊन गुळगुळीत होते आणि पाणी अडतं, म्हणून टोकदार सळईने बाजू आणि तळ खरवडायचा, सुटी माती काढून टाकायची. तळाला ५ सेंटीमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी. मग त्या खडीच्या वर निदान ३० सेंटीमीटर उभं राहील इतकं पाणी भरायचं आणि रात्रभर माती मुरू द्यायची. इथेच सगळे घाई करतात. कोरड्या मातीवर घेतलेलं माप कचऱ्यात टाका.

दुसऱ्या दिवशी भोकात पाणी शिल्लक असेल तर पातळी खडीच्या वर १५ सेंटीमीटरवर आणा आणि ३० मिनिटांत किती उतरते ते बघा. भोक कोरडं झालं असेल तर १५ सेंटीमीटर भरून दर ३० मिनिटांनी माप, असं ४ तास. शेवटच्या अर्ध्या तासात पातळी जितकी उतरली ती घट धरायची. अर्ध्या तासाच्या आतच सगळं पाणी गडप होत असेल तर दर १० मिनिटांनी माप घ्या, तासभर, आणि शेवटची १० मिनिटं धरा. भोकावर आडवी पट्टी ठेवून कायम तिच्यापासूनच खाली मोजा, म्हणजे माप हलत नाही.

पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली, हा तुमचा झिरप दर. ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर शोषखड्डा नाही, उथळ चर घ्या. ६० च्या वर गेलं तर जमिनीत मुरवायचा नादच सोडा.

आणि अंतर. पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, राहत्या घरापासून ६ मीटर. तुमचे १४ मीटर इथेच नापास झाले.

काळीमाय, १३ एप्रिल

ओळंबा म्हणतात ते रात्रभर मुरवायचं लातूरकडच्या लोकांनी तर भिंतीवर लिहून ठेवावं. आमच्या शेतावरच्या घराला भर मे महिन्यात भोक घेतलं. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. दोन घागरी ओतल्या, बघता बघता गायब. गवंडी खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं तर माती फुगून भेगा मिटलेल्या, आणि अर्ध्या तासात पाणी ५ मिलिमीटरही हललं नाही. आम्ही शेवटी काळी माती पार करून खालच्या मुरुमात गेलो. तिथे दर चांगला आला, आणि पाणीही खूप खोल आहे आमच्याकडे. ती चैन कोकणात नाही, एवढं कळतं.

चार्ल्सकाठ, १४ एप्रिल

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. इथे गावाबाहेरच्या बहुतेक घरांना सेप्टिक असतं आणि राज्याचा 'टायटल ५' नावाचा नियम त्यासाठी आहे. घर विकतानासुद्धा तपासणी होते, म्हणून मला हे सगळं नाइलाजाने शिकावं लागलं. झिरप चाचणी इथेही जवळपास तशीच, पण त्याआधी जेसीबीने माणूस उतरेल एवढा खोल खड्डा काढतात आणि परवानाधारक माती-परीक्षक थर बघतो. गावच्या आरोग्य मंडळाचा माणूस शेजारी उभा राहतो.

तो खड्ड्यात भूजल शोधतो, पण आज दिसणारं पाणी नव्हे. वर्षातली सर्वांत वरची पातळी. मातीत करडे आणि गंजासारखे ठिपके जिथून सुरू होतात, तिथपर्यंत दरवर्षी पाणी चढतं असं मानतात. चराचा तळ त्या पातळीच्या ४ फूट वर हवा. आणि माती फार भराभर पाणी पीत असेल, म्हणजे इंचाला २ मिनिटं किंवा कमी, तर ५ फूट. खासगी विहिरीपासून १०० फूट.

म्हणजे पाणी भरभर मुरतं म्हणून इथे सवलत मिळत नाही, उलट एक फूट दंड पडतो. तुमच्या कंत्राटदाराला हे सांगून बघा.

कातळ, १५ एप्रिल

भूशास्त्र शिकलोय, काम भूजलाचंच. चार्ल्सकाठ यांचा शेवटचा मुद्दा इथे सर्वांत कामाचा आहे. ठिपक्यांची युक्ती मात्र जांभ्यात चालणार नाही. जांभा जन्मतःच लाल-पिवळा-पांढरा ठिपकेदार असतो, त्यात पाण्याची रेघ कोण शोधणार?

जांभ्याचं बघा. वरचा कडक थर भोकाभोकांचा. चिरा फोडला की आत बोट जाईल अशा नळ्या दिसतात, काही एकमेकींना जोडलेल्या. मैलापाणी स्वच्छ होतं ते मातीच्या बारीक कणांमधून रखडत जाताना. जंतू अडकतात, मरतात, हवा मिळते. नळीतून पाणी धावत गेलं तर यातलं काहीच होत नाही. म्हणजे जांभा हे गाळणं नाही, नळ्यांचा जुडगा आहे. आयएस २४७० मध्येसुद्धा भेगाळ खडकात मुरवू नका असं म्हटलंय, कारण घाण लांबवर जाते. तेव्हा अशा खडकात नुसत्या १८ मीटरचाही फार भरवसा धरू नका. ते अंतर मधल्या मातीच्या जिवावर आहे.

दुसरं. जांभ्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकण थर असतो. पावसाचं पाणी वरच्या नळ्यांतून खाली जातं, त्या थरावर अडतं आणि उताराच्या दिशेने आडवं चालू लागतं. सड्याच्या कडेला पावसाळ्यात जागोजागी पाणी फुटतं ते यामुळे. काकांची विहीर मे ते ऑगस्ट एवढी भराभर चढते याचा अर्थ ती याच आडव्या पाण्यावर जगते. तुमचा कोपरा तिच्या वरच्या अंगाला आहे. खड्ड्यात सोडलेलं विहिरीत उतरायला किती वेळ लागेल याचा हिशेब मला करावासाही वाटत नाही.

काय कराल: मे महिन्यात झिरप चाचणी करा, पण निर्णय ऑगस्टपर्यंत थांबवा. दोन-तीन संभाव्य जागी ३ मीटर खोल भोक घेऊन त्यात ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा करा. खालच्या दीड-दोन मीटरला करवतीने आडव्या चिरा पाडा, त्या भागाभोवती बारीक खडी भरा. वरचा अर्धा मीटर मात्र चिकण मातीने दाबून बंद करा, नाहीतर जमिनीवरचं पाणी पाइपलगत आत उतरेल आणि तुम्ही पावसाचा ओघळ भूजल म्हणून मोजाल. तोंडाला टोपण. मग जुलै-ऑगस्टमध्ये चांगली झड लागून गेली की टेपला खडू फासून आत सोडायचा. खडू ओला झाला तिथे पाणी. खालच्या बाजूचा पाइप आणि काकांची विहीर एकाच दिवशी मोजा, दोन्ही सोबत चढतात का ते कळेल.

रहाट, १५ एप्रिल

मधेच एक शंका. ग्रामपंचायतीच्या दोन खड्ड्यांच्या संडासाला विहिरीपासून ३ मीटर चालतं असं ऐकलंय. मग इथे १८ कशाला?

ओळंबा, १५ एप्रिल

@रहाट, ते ३ मीटर अटीसकट आहे. माती बारीक हवी आणि भूजल बारा महिने खड्ड्याच्या तळाच्या २ मीटर खाली हवं. ती अट तुटली की अंतर वाढतं. जाड कणांच्या मातीत तर खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा वेढा द्यायला सांगितलंय. लोकांना ३ हा आकडा तेवढा पाठ असतो. शिवाय त्या संडासात तांब्याभर पाणी पडतं, सेप्टिक टँकमागे फ्लशची टाकी असते.

पाखाडी, २१ मे

चाचणी झाली. पाइपही बसवले. पहिलं भोक कंत्राटदाराच्या कोपऱ्यात, ६० सेंटीमीटरवर थेट जांभा लागला. दुसरं नियोजित घराच्या दक्षिणेच्या पायरीवर (उतारावरच्या सपाट पट्टीवर), तिथे पूर्वी नाचणी व्हायची. तिथे तांबडी माती १.३ मीटरपर्यंत आहे, खाली जांभा. काकांच्या विहिरीपासून ही जागा २७ मीटर आणि सरळ उताराच्या रेषेत नाही, बाजूला.

कोपऱ्यात रात्रभर पाणी टिकलंच नाही. सकाळी १५ सेंटीमीटर भरलं, अर्ध्या तासाच्या आत संपलं. मग १० मिनिटांची मापं घेतली, शेवटच्या १० मिनिटांत १० सेंटीमीटर. म्हणजे २५ मिलिमीटरला अडीच मिनिटं. कंत्राटदार शेजारीच उभा होता, "बघा, मी काय म्हणत होतो," म्हणाला.

पायरीवर भोक सकाळी कोरडंच होतं, म्हणून ४ तास बसलो. पहिल्या अर्ध्या तासात ५ सेंटीमीटर उतरलं, मग कमी कमी होत शेवटच्या अर्ध्या तासात ३ वर आलं. म्हणजे २५ मिनिटं. ३० च्या आत आहे, पण काठावर. मधेच एका बाजूची माती ढासळून भोकात पडली, तेव्हा तिथून नवं भोक घेऊन पुन्हा मुरवत ठेवलं होतं, हे आकडे त्या नव्या भोकाचे आहेत.

ओळंबा, २१ मे

छान केलंत. काठावरचा २५ मला त्या अडीचपेक्षा शंभर वेळा आवडला.

हिशेब असा: चौरस मीटरला दिवसाला किती लिटर सोडायचं, तर २०४ भागिले झिरप दराचं वर्गमूळ. पायरीवर २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे सुमारे ४१ लिटर. चराला तळाचं क्षेत्रफळ धरतात, शोषखड्ड्याला पाणी आत आणणाऱ्या पाइपच्या खाली येणाऱ्या भिंतींचं. घरात कायम किती माणसं?

पाखाडी, २१ मे

कायम आम्ही पाच. मोरीचं आणि भांड्यांचं पाणी माडांना जाईल, टाकीत फक्त संडासाचं. पण गणपतीत पंधराच्या खाली माणूस नसतो.

ओळंबा, २२ मे

मग गणपतीच धरा. माणशी ३५ लिटर फ्लशचं पाणी, १५ माणसं, ५२५ लिटर. भागिले ४१, म्हणजे जवळपास १३ चौरस मीटर. चर ६० सेंटीमीटर रुंद घेतला तर २१-२२ मीटर लांबी. ११ मीटरचे दोन चर, मध्ये १.८ मीटर अंतर. टाकीही त्याच हिशेबाने मोठी घ्या. पाच माणसांच्या टाकीत पंधरा आली की गाळ बसायला वेळच मिळत नाही आणि तो चरात जाऊन माती कायमची चोंदवतो.

कातळ, २२ मे

गणपतीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कोकणात घर भरतं तेव्हाच भूजलही वर असतं. मे महिन्यातला पाहुणा परवडला, भाद्रपदातला जमिनीला जड. म्हणून ऑगस्टच्या मापाशिवाय ओळंबांचे चरही खणू नका.

सडाफटिंग, २२ मे

एका संडासासाठी एवढं? परवानगी देताना हे कुणीही विचारत नाही हो. त्या पैशात स्लॅब वॉटरप्रूफ करा.

पाखाडी, २२ मे

@सडाफटिंग, खर्च आत्तापर्यंत पाइपचा आणि दोन गड्यांच्या मजुरीचा. विचारणाऱ्या आहेत ना, आमच्या काकू. रोज सकाळी गडग्यावरून विचारतात, काय खणताय म्हणून.

नमुना, २३ मे

जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या कामात होते, म्हणून एक सुचवते. घर बांधायच्या आधी काकांच्या विहिरीचं पाणी तपासून अहवाल ठेवा, दोन्ही घरांसमोर. एक आत्ता, एक भर पावसात. पुढे कधी वाद झाला तर आधी काय होतं ते कागदावर असेल. आणि खरं सांगायचं तर कोकणातल्या उघड्या विहिरीत पावसाळ्यात जंतू आधीच सापडले तरी आश्चर्य वाटायला नको. गोठे, शेण, आजूबाजूचे जुने खड्डे, सगळंच वाहत येतं.

ई. कोलाय किंवा विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही, असं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे. सोबत नायट्रेट (मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम) आणि क्लोराइड करून घ्या. मैलापाणी झिरपत असेल तर हे दोन्ही वर्षागणिक चढताना दिसतात.

नमुना घेताना बाटली प्रयोगशाळेतलीच, निर्जंतुक केलेली. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, तोंडापर्यंत भरायची नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि विहिरीत टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग पावडर) कधी टाकलं ते आधी विचारा. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस पावडर टाकून गेला आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी नमुना घेतलात, तर अहवाल स्वच्छ येईल आणि काहीच कळणार नाही.

घरी अंदाज घ्यायला एचटूएस बाटली मिळते. पाणी खुणेपर्यंत भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर त्या विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

पाखाडी, १७ ऑगस्ट

धागा वर काढतोय. चार दिवस झड होती, काल उघडीप मिळाली तेव्हा मापं घेतली.

कोपऱ्यातला पाइप: पाणी जमिनीखाली ०.७ मीटरवर. काकांची विहीर त्याच दिवशी कठड्याखाली हातभर. जुलैपासून दोन्ही बरोबरीने चढतायत, दोनदा तर दोन्हींच्या वाढीत बोटभराचाही फरक नव्हता. कंत्राटदाराला बोलावून खडूची टेप दाखवली. त्याचा १० फुटी खड्डा सव्वादोन मीटरहून जास्त पाण्यात उभा राहिला असता. तो बराच वेळ टेपकडे बघत होता, मग म्हणाला, "आम्ही खड्डे उन्हाळ्यात खणतो ना."

दक्षिणेची पायरी: २.६ मीटर. यापेक्षा वर गेलं नाही.

विहिरीच्या मे महिन्यातल्या नमुन्यात कोलिफॉर्म नव्हते, जुलैच्या नमुन्यात निघाले. आमचं अजून काहीच बांधलेलं नाही. काकूंनी पाणी उकळायला सुरुवात केली आहे, आणि वरच्या वाडीतल्या कुणाचा खड्डा कुठे आहे याची चौकशीसुद्धा.

कातळ, १७ ऑगस्ट

चर ६० सेंटीमीटर खोल घेतलात तर तळापासून पाण्यापर्यंत २ मीटर राहतात. त्यातले वरचे ७० सेंटीमीटर तांबडी माती, खाली जांभा. मला आणखी माती आवडली असती. म्हणून चर आणखी उथळ घ्या, ५० सेंटीमीटर, आणि वर भर टाकून पावसाचं पाणी बाहेर ओघळेल असा उंचवटा करा. आणि चराच्या वरच्या अंगाला सड्यावरून येणारं पाणी वळवणारा पाट काढा. तो नसेल तर सगळा हिशेब पावसात वाहून जाईल.

ओळंबा, १८ ऑगस्ट

सहमत. भूजल १.८ मीटरच्या आत आलं असतं तर मानकाप्रमाणे चर जमिनीवरच, मातीच्या भरावात घ्यावे लागले असते. ते टळलं.

नकाशात संडास-बाथरूम पश्चिमेकडून दक्षिणेला घ्या. पाण्याच्या नळीने लेव्हल काढा: जोतं, टाकीचं तोंड, टाकीचा निकास, चराचं तोंड, या क्रमाने उतार मिळतो का बघा. कमी पडला तर जोतं एक चिरा वर उचला, पंपाच्या भानगडीत पडू नका, गणपतीत नेमकी वीज जाते. चरात १५ ते २५ सेंटीमीटर धुतलेली खडी, १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, तळ जवळजवळ सपाट. टाकीनंतर छोटी वाटणी-पेटी, म्हणजे दोन्ही चरांना सारखं पाणी जाईल आणि एक बंद करून दुसऱ्याला विश्रांती देता येईल. ओल्या मातीत चर खणू नका, फावड्याने बाजू चोपल्या जातात. दिवाळीनंतर माती भुसभुशीत झाली की घ्या.

पाखाडी, १८ ऑगस्ट

संडास हलवतोय, आर्किटेक्ट थोडा कुरकुरला पण तयार झाला. शेवटचा प्रश्न: त्या पायरीवर आईला माड लावायचे आहेत. चरांच्या मधल्या पट्ट्यात चालतील का?

ओळंबा, १८ ऑगस्ट

मधे नको, माडाची मुळं खडीत शिरून पाइप भरून टाकतात. चरापासून ४-५ मीटर सोडून कडेला लावा. चरावर नुसतं गवत, फार तर अबोली. अळू, भाजी नको. आणि गाडी त्यावरून फिरवू नका, चिऱ्यांचा ट्रक तर मुळीच नाही. बांधकाम चालू असेपर्यंत आत्ताच त्या जागेला दोरी बांधून ठेवा.